युद्धात कसले आले नियम!

गेल्या रविवारी भाच्याला घेऊन तर्री पोहे खायला गेलो होतो. पोरगं बारावीत आहे, एनसीसी करते, आणि दिवसभर मोबाईलवर जगातल्या कुठल्या ना कुठल्या लढाईचे व्हिडिओ बघून राहते. पोह्यांवर तर्री पडायच्या आतच सुरू झाला, "मामा, टीव्हीवाले म्हणतात युद्धाचे नियम मोडले, नियम मोडले. पण युद्धात कसले आले नियम? माणसं मारायलाच गेले ना?" मी काही बोलणार तेवढ्यात ठेल्यावरचा भाऊ म्हणाला, "नियम कोण बनवते? जो जिंकला तो." झालं, दोन प्लेट पोहे आणि तीन कट चहा होईपर्यंत हेच चाललं. मी एलएलबी केलंय, वकिली काही फार केली नाही, पण हा एक विषय कॉलेजात जीव लावून वाचला होता, म्हणून तिथं जे अर्धवट बोललो ते इथं जरा नीट लिहितो.

सगळा घोळ होतो तो दोन वेगळे प्रश्न एकात मिसळल्यामुळे. युद्ध सुरू करणं बरोबर होतं का, हा एक प्रश्न. आणि सुरू झाल्यावर कसं लढलात, हा दुसरा. समजा तुमचा प्लॉट कोणी हडपला, रजिस्ट्री तुमच्या नावावर, टॅक्स पावती तुमच्या नावावर, तुम्ही शंभर टक्के बरोबर. म्हणून त्याच्या म्हाताऱ्या आईला मारायची परवानगी मिळते का? त्याच्या पोरांची स्कूल व्हॅन पेटवायची? नाही ना. आणि त्याने भांडताना तुमच्या घरच्यांना हात लावला नाही, मोठा सज्जनपणा दाखवला, म्हणून प्लॉट त्याचा होत नाही. युद्धाचंही तसंच. पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत आहे, दुसऱ्या देशावर बळ वापरायचं नाही, अपवाद दोनच, स्वतःवर हल्ला झाला तर बचाव किंवा सुरक्षा परिषदेने सांगितलं तर. दुसऱ्या प्रश्नाचे नियम वेगळ्या करारांत आहेत आणि ते दोन्ही बाजूंना सारखेच लागतात, ज्याची बाजू न्यायाची त्यालाही आणि ज्याची नाही त्यालाही.

आपल्या गावातलंच घ्या. सीताबर्डीच्या टेकडीवर २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि कंपनी सरकारची फौज भिडली. कोणाचं बरोबर होतं असं नागपुरात विचाराल तर उत्तर एकच येईल, आणि माझंही तेच आहे. पण टेकडीवर जो जखमी होऊन पडलाय, गोरा असो की आपला, त्याला पाणी द्यायचं की भाला घालायचा, या प्रश्नाला त्या उत्तराशी काही देणंघेणं नाही. इतकं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

आता हे नियम लिहून कोणी काढले? सुरुवात एका धंदेवाल्यापासून होते. आंरी द्युनां नावाचा जिनिव्हाचा माणूस, अल्जीरियात त्याचा धंदा होता, जमिनीपाण्याच्या परवानग्या अडकल्या होत्या, म्हणून थेट फ्रान्सच्या बादशहाला, तिसऱ्या नेपोलियनला भेटायला निघाला. बादशहा होता इटलीत लढाईवर. हा पोचला आणि २४ जून १८५९ ला सोल्फेरिनोची लढाई झाली, एका दिवसात मेलेले आणि जखमी मिळून चाळीस हजारांच्या आसपास. जखमींना उचलायला कोणी नाही, फौजेत घोड्यांचे डॉक्टर जास्त आणि माणसांचे कमी अशी गत होती. जवळच्या कास्तिल्योने गावातल्या बायकांनी चर्चमध्ये जखमी आणून टाकले आणि फ्रेंच कोण, ऑस्ट्रियन कोण बघितलं नाही, सगळे भाऊच आहेत म्हणाल्या. हा माणूस धंदा विसरला, घरी येऊन पुस्तक लिहिलं, त्यातून १८६३ साली रेड क्रॉसची कमिटी झाली आणि १८६४ साली पहिला जिनिव्हा करार. पुढे त्याचं दिवाळं निघालं, कित्येक वर्षं हलाखीत काढली, आणि १९०१ साली शांततेचं पहिलंवहिलं नोबेल दोघांत वाटून मिळालं, त्यातला एक हा.

रेड क्रॉसवरून घरचं सांगतो. माझ्या मोठ्या भावाचं मेडिकल स्टोअर आहे, बोर्डावर मोठा लाल प्लस, पांढऱ्या पाटीवर, लांबून दिसावा म्हणून दादाने मुद्दाम मोठा काढून घेतला होता. मी एकदा सहज म्हटलं, दादा, हे चिन्ह आपलं नाही. दादा म्हणे सगळे लावतात, डॉक्टरच्या गाडीवर, अँब्युलन्सवर, फर्स्ट एडच्या डब्यावर, धंतोलीत तर प्रत्येक गल्लीत चार दिसतात. बरोबर आहे, दिसतात. पण पांढऱ्यावर लाल क्रॉस हे दवाखान्याचं चिन्ह नाहीच, ते स्वित्झर्लंडच्या झेंड्याचे रंग उलटे करून केलेलं लढाईतलं चिन्ह आहे, त्याचा अर्थ एवढाच की इथं जखमींवर इलाज चालू आहे, आम्ही कोणाला मारत नाही, आम्हाला मारू नका. ते वापरायचा हक्क सैन्याच्या वैद्यकीय पथकांचा आणि रेड क्रॉसचा. आपल्याकडे १९६० चा जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट आहे, त्यात सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह लावलं तर पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. पाचशे रुपये ऐकून दादा हसला, त्यापेक्षा पेंटरचा खर्च जास्त. पण मुद्दा दंडाचा नाही, जे चिन्ह पिझ्झ्यासारखं जिथं तिथं दिसायला लागलं त्याच्याकडे बघून बंदूक खाली कोण करेल? शेवटी वहिनीने मनावर घेतलं आणि बोर्ड हिरवा करून घेतला. आता निम्मे गिऱ्हाईक आयुर्वेदिक दुकान समजून चूर्ण मागतात, आणि त्याचा राग अजून माझ्यावरच निघतो.

असो. १८६४ चा तो करार वाढत गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १२ ऑगस्ट १९४९ ला चार करार झाले, जमिनीवरचे जखमी, समुद्रावरचे जखमी, युद्धकैदी, आणि चौथा सामान्य नागरिकांचा. जगातल्या सगळ्या देशांनी ते मान्य केलेत, आपणही. १९७७ साली त्यांना दोन जोड करार लागले, त्यात आपण सामील नाही, पण त्यातले बरेच मूळ नियम रूढी म्हणून सगळ्यांना लागतात असं धरलं जातं.

या सगळ्या कागदांचा गाभा म्हणजे लढणारा आणि न लढणारा यांत फरक करा. ऐकायला सोपं आहे, पण लोकांना वाटतं तसं नाही ते. आमच्या शेजारी एक काका होते, अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, सायकलला डबा लटकवून जायचे. फॅक्टरी दारूगोळ्याची, म्हणजे शत्रूच्या दृष्टीने ते लष्करी लक्ष्य, त्यावर हल्ला कायद्यात बसतो. पण काका? काका नागरिक. ते घरी अंगणात कुंड्यांना पाणी घालत असताना त्यांना टिपलं तर तो गुन्हा. ड्युटीवर असताना फॅक्टरीवर बॉम्ब पडला तर त्यांना धोका आहे हे खरं, तरी त्यांचा जीव हल्ला करणाऱ्याला हिशोबात धरावाच लागतो. उलट कामठीच्या छावणीतला जवान, तो झोपलेला असो, पोळ्या खात असो, हातात बंदूक नसो, युद्ध चालू असेल तर तो लक्ष्य आहे. आणि तोच जवान जखमी होऊन पडला, हात वर केले, शरण आला, की त्याला हात लावता येत नाही. म्हणजे माणूस तोच, पण तो या घडीला काय आहे त्यावर नियम बदलतो. विमान पडतंय म्हणून पॅराशूटने उडी मारलेल्या वैमानिकाला हवेत गोळी घालता येत नाही, कारण तो जीव वाचवून राहिला आहे. पण हल्ल्यासाठी उतरणाऱ्या छत्रीधारी सैनिकाला घालता येते. छत्री दोघांकडेही आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची, आणि इथं टीव्हीवरचे पॅनलवालेही सर्रास गडबड करतात. प्रमाण म्हणजे त्यांनी आमचे दहा मारले, आम्ही त्यांचे दहाच मारायचे, असं अजिबात नाही. प्रमाण मोजायचं ते एकेका हल्ल्याचं आणि हल्ल्याच्या आधी. या हल्ल्यातून लढाईत नक्की काय फायदा होणार आहे, आणि त्यात साध्या लोकांचं किती नुकसान होईल असं दिसतंय, ते फायद्याच्या मानाने फारच जास्त असेल तर हल्ला करायचा नाही, लक्ष्य कितीही कायदेशीर असो. एका चाळीच्या गच्चीवर एक बंदूकवाला बसलाय म्हणून सगळी चाळ पाडायची का? आणि त्याच गच्चीवरून पुलावरच्या हजार सैनिकांवर तोफांचा मारा ठरवला जात असेल तर? उत्तर बदलतं, आणि ते वजन करणारा असतो एक कमांडर, घाईत, अर्धवट माहितीवर. त्यामुळे या नियमात पळवाटा निघतात हे मी नाकारत नाही. पण वजन न करताच बटन दाबलं तर ते चूकच. दवाखान्याचंही तसंच, शत्रूने तिथून हल्ले केले तर त्याचं संरक्षण जाऊ शकतं, पण आधी ताकीद द्यावी लागते, वाजवी वेळ द्यावा लागतो, आणि त्यानंतरही आतले पेशंट हिशोबातून गायब होत नाहीत. लोकांच्या आड लपणारा गुन्हेगार असतोच, पण तो लपला म्हणून समोरच्याला मोकळं रान मिळत नाही.

युद्धकैद्यांबद्दल आपल्याकडे लोकांना बरंच माहीत आहे, कारण १९७१. ढाक्यात १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि जवळजवळ ९३ हजार लोक आपल्या ताब्यात आले, त्यात काही नागरिकही होते. त्यांना छावण्यांत ठेवलं, खाऊपिऊ घातलं, घरी पत्रं लिहू दिली, आणि १९७४ पर्यंत परत पाठवलं. आमचे आजोबा यावर चिडायचे, एवढं फुकट कशाला पोसलं म्हणून. पण युद्धकैदी हा आरोपी नसतो, लढला एवढ्यासाठी त्याला शिक्षा देता येत नाही, त्याने वेगळा काही अत्याचार केला असेल तर खटला चालवा, नाहीतर लढाई थांबली की घरी सोडा. चौकशीत त्याने सांगायचं ते नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पलीकडे पकडले गेले तेव्हा नाव आणि नंबर सांगून पुढच्याला त्यांनी नम्रपणे नकार दिला, तो हाच नियम. ते १ मार्चला परत आले. त्यांचे डोळे बांधलेले व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले आणि संतापलो, बरोबरच होतं, कारण कैद्याचा तमाशा करायचा नाही, लोकांच्या कुतूहलापासून त्याला वाचवायचं असं करारात लिहिलंय. हा नियम समोरच्या देशाचा कैदी आपल्या ग्रुपवर फॉरवर्ड होऊन येतो तेव्हाही असतो बरं का, भाच्याच्या मोबाईलमध्ये तसले तीन निघाले.

आता ठेल्यावरच्या भाऊचा मुद्दा, नियम बनवतो तो जिंकणारा. यात दम आहे. १८९९ साली हेग शहरात परिषद झाली, शरीरात घुसून पसरणारी गोळी बंद करायचं ठरलं, कारण ती माणसाला नुसती थांबवत नाही, आतून फाडते. ती गोळी बनायची कुठे, तर कलकत्त्याजवळ डमडमला, म्हणून तिचं नाव डमडम. ब्रिटनने विरोध केला आणि युक्तिवाद काय तर रानटी लोकांना साधी गोळी लागली तरी ते धावत येतात. रानटी म्हणजे कोण ते सांगायला नको. शेवटी १९०७ मध्ये त्यांनीही मान्य केलं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर हरलेल्या जर्मन आणि जपानी नेत्यांवरचे न्यूरेंबर्ग आणि टोकियोचे खटले, वरून हुकूम होता म्हणून केलं हा बचाव तिथं चालला नाही ही फार मोठी गोष्ट झाली. पण आरोपीच्या पिंजऱ्यात हरलेलेच, शहरांवर अणुबॉम्ब टाकणारे कोणी नाही. टोकियोच्या न्यायाधीशांत आपले राधाबिनोद पाल होते, त्यांनी वेगळा निकाल लिहिला आणि सगळ्या आरोपींना निर्दोष म्हटलं, जिंकणाऱ्यांनी मागाहून कायदा करून हरलेल्यांना लावायचा याला न्याय म्हणता येत नाही म्हणून. जपानी सैन्याने अत्याचार केले हे त्यांनी नाकारलं नव्हतं, हे आपल्याकडे लोक विसरतात. २००२ पासून हेगला कायमचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय आहे, पण अमेरिका, रशिया, चीन त्यात नाहीत, आपणही नाही, आणि न्यायालयाकडे स्वतःचे पोलीस नाहीत.

मग उपयोग काय? मला विचाराल तर एक गोष्ट बघा. दवाखान्यावर बॉम्ब पडला की कोणताही देश म्हणत नाही की हो, दवाखानाच होता, मुद्दाम पाडला, काय करायचं ते करा. म्हणतो की आत अतिरेकी होते, ताकीद दिली होती, चुकून पडला. खोटं बोलतानाही त्याला या कायद्याच्याच भाषेत बोलावं लागतं. ज्या गोष्टीला काहीच किंमत नाही तिच्यासाठी कोणी इतकं खोटं बोलत नाही.

हे सगळं गोऱ्यांनी शिकवलं असंही समजू नका. कुरुक्षेत्रावर लढाईआधी दोन्ही बाजूंनी नियम ठरवले होते, पळणाऱ्याला मारायचं नाही, शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही, शंख आणि ढोल वाजवणाऱ्यांना हात लावायचा नाही. मग अठरा दिवसांत दोघांनीही ते एकेक करून मोडले. गंमत म्हणजे आजच्या कायद्यात कर्णाचं चाक रुतलं ही सबब टिकणार नाही, गाडी बंद पडली म्हणून सैनिकाला संरक्षण मिळत नाही, शरण यावं लागतं. यावर भाचा भयंकर भडकला, तो कर्णाच्या पार्टीचा आहे. आणि अशोक तर आपल्याला दीक्षाभूमीमुळे जवळचा, बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ हा दिवस निवडला तो अशोक विजयादशमीचा. कलिंगच्या लढाईत एक लाख मारले गेले, दीड लाख बंदी करून नेले, असं अशोकाने स्वतः दगडावर कोरून ठेवलं. मला त्यातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते, तिथं तो सैनिकांचं नाही तर ब्राह्मण, श्रमण आणि साध्या गृहस्थांचं दुःख मोजतो, ज्यांचे आपले माणसं तुटले. न लढणाऱ्यांचा हिशोब करणारा इतका जुना राजा मला तरी दुसरा माहीत नाही. आणि हा शिलालेख कलिंगात मात्र त्याने लावला नाही, तिथल्या दगडांवर त्या जागी वेगळा मजकूर आहे.

शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र बहुतेकांनी वाचलं असेल. कुणब्यांकडून दाणे, भाकर, गवत, भाजीपाला ओरबाडाल तर लोकांना वाटेल यापेक्षा मोगल बरे होते, अशा अर्थाची समज त्यात आहे. आणि तेच महाराज गनिमी काव्याचे उस्ताद. यात विरोध नाही, कारण फसवणूक दोन प्रकारची असते. रात्री छापा घालणं, खोटी बातमी पसरवणं, पळाल्याचं नाटक करून खिंडीत ओढणं, हे सगळं आजच्या कायद्यातही चालतं. चालत नाही ते विश्वास वापरून मारणं. पांढरं निशाण दाखवून गोळी घालणं, रेड क्रॉसच्या गाडीत बंदुका नेणं, बोलणीला बोलावून गळा कापणं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी खरोखर शरण येणाऱ्यावरही कोणी भरवसा ठेवत नाही आणि तो मरतो. अफझलखानाचं काय, असं भाच्याने विचारलंच. तिथं सगळं अडतं ते पहिला वार कोणाचा यावर, आणि आपल्या बखरी सांगतात खानाचा.

बोलणीला बोलावून मारल्याचं उदाहरण मात्र आपल्या नागपूरच्याच इतिहासात आहे. पहिल्या रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, त्यांना बंगालच्या अलिवर्दीखानाने १७४४ साली तहाच्या बोलणीसाठी मनकरा या ठिकाणी बोलावलं आणि शामियान्यातच सरदारांसकट कापून काढलं. आजच्या भाषेत शुद्ध युद्धगुन्हा. हे सांगितलं की नागपूरकर पेटतो, मीही पेटायचो.

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंगाली मावशी राहतात, रेल्वेतून रिटायर झाल्या, चाळीस वर्षं नागपुरात काढली, आपल्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. त्यांना नात झाली तेव्हा अंगाई म्हणायच्या ती जिन्यात ऐकू यायची. एकदा भाच्याने अर्थ विचारला. मूल झोपलं, मोहल्ला निजला, देशात बर्गी आले, धान पाखरांनी खाल्लं, आता सारा कशाने भरू, असा काहीसा. भाचा म्हणाला, "बर्गी म्हणजे काय राक्षस असते का?"

बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावरचा मराठा स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरच्या, म्हणजे आपल्या इथल्या महाल भागातल्या भोसल्यांच्या, फौजा बंगालवर जात राहिल्या, गावं जाळली, पिकं लुटली, धाक इतका की कलकत्त्याभोवती इंग्रजांनी खंदक खोदायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक. शेवटी १७५१ साली वर्षाला बारा लाख चौथाई ठरली तेव्हा थांबलं. मनकऱ्याला भास्कररामांशी जे झालं ते चूक होतं, आणि त्याआधी त्यांच्या स्वारांनी त्या कुणब्यांशी जे केलं तेही. एकाने दुसऱ्याची फिट्टंफाट होत नाही, कारण जळालेल्या घरातल्या बाईने भास्कररामांना मारलं नव्हतं.

हे सगळं मी जिन्यात उभा राहून भाच्याला सांगणार होतो, पण मावशींनी नातीला खांद्यावर घेतलं आणि त्याच आधी म्हणाल्या, "राक्षस नाही रे बाळा, इथलेच होते, महालातले."